बैल वळवायला जागा

नांगरणीच्या दिवशी शेजारच्या दोघा भावांचं भांडण ठरलेलंच असायचं. थोरल्याची जोडी नांगराच्या तासाच्या टोकाला वळली की बैलाचा पाय धाकट्याच्या पट्टीत पडायचा, आणि धाकटा तिकडून ओरडायचा, "दादा, डोळे फुटले का? बैल कुठं घातलेस?" मी माझ्या बांधावर बसून हा तमाशा फुकटात बघायचो.

दोष बैलांचा नव्हता. आमच्या गावात वाटणी लांबीनं करतात, ओढ्यापासून माळापर्यंत, म्हणजे काळी माती सगळ्यांना सारखी आणि धोंडेही सारखे. पणजोबांपासून हाच शहाणपणा करत आलो आणि दर पिढीला पट्टी चिंचोळी होत गेली. आता बैल वळवायचे तर भावाच्या पट्टीतूनच. शेत सोडून दुसरं काही करावं, तर गिरणीचं कापड आल्यापासून विणकराच्याही घराला कुलूप. तो बायकापोरांसकट बोटीनं सातासमुद्रापार मजुरीला गेला होता.

त्या साली बोटीसाठी माणसं गोळा करणारा दलाल आमच्याकडं आला. म्हणाला, "तिकडं सकाळी तास धरला तर बैल वळवायला दुपार होते, एवढं मोठं रान." थापाड्याच होता, पण थोरल्याची झोप उडाली.

"मी जातो. माझी पट्टी तू घे," तो धाकट्याला म्हणाला.

"गुडघे बघ तुझे. बोटीचा डॉक्टर दारातूनच हाकलेल. मीच जातो."

"तुझं लग्न व्हायचंय अजून."

"म्हणूनच म्हणतो. या पट्टीकडं बघून मुलगी कोण देतंय?"

जन्मभर वीतभर जमिनीसाठी भांडले, आता ती एकमेकांच्या गळ्यात मारायला भांडत होते. त्यांची आई म्हणाली, "भांडा बाबांनो, पण इथंच राहून भांडा." तिचं कोण ऐकतंय. धाकटा गेला.

पुढच्या नांगरणीला दोन्ही पट्ट्या थोरल्याच्याच. टोकाला जोडी वळली, बैलाचा पाय जुन्या बांधापलीकडं पडला आणि हा थांबला. कासरा धरून नुसता उभा. कशाची वाट बघतोय ते माझ्या लक्षात आलं. शेवटी मीच उठलो आणि जीव खाऊन ओरडलो, "डोळे फुटले का रे? बैल कुठं घातलेस?"

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. मग माझ्याकडं वळून अशा काही शिव्या हासडल्या की ओढ्यावरच्या बायका धुणं सोडून बघत राहिल्या. तेवढं झाल्यावर त्यानं बैल हाकले.