मोहरीतला पारवा

कबुतरांमधलं डेस्मंड प्रेंटिसइतकं अख्ख्या लिंकनशरमध्ये कुणाला कळत नव्हतं. असं डेस्मंडच म्हणायचा, आणि पबमध्ये त्याच्या शेजारी सापडलेल्याला ते शेवटपर्यंत ऐकावं लागायचं. रानकबुतराच्या पंखावर पांढरा पट्टा, मानेवर पांढरा डाग. ते पिकाचा वैरी, खुशाल मारा. ढोलीत राहणारा पारवा मात्र लहान, निळसर, पांढऱ्याचा मागमूस नाही. त्याला कायद्याने अभय. "आंधळ्यालाही कळेल," तो म्हणायचा.

तो शिकारीला जायचा त्या रानाच्या मालकीण ऑल्डवुडबाई, त्यांनी तरीही त्याला बजावलं होतं. त्यांच्या ओकच्या झाडाच्या ढोलीत पारव्यांची एक जोडी होती आणि तिच्यावर बाईंचा भारी जीव. "त्यांना छर्रा लागला, तर माझ्या रानात पुन्हा पाऊल टाकायचं नाही." बाकीच्या शेतकऱ्यांनी त्याच्या व्याख्यानांना कंटाळून आधीच नकार दिला होता. उरलं होतं हे एकच रान. तेही गेलं तर रिटायर माणसाने करायचं काय?

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी तो आणि त्याचा जोडीदार रॉनी कोवळ्या मोहरीच्या कडेला जाळीच्या आडोशात बसले होते. समोर आमिष म्हणून प्लास्टिकची कबुतरं मांडलेली. उन्हाकडून एक पक्षी आला, डेस्मंडने बार काढला. रॉनी जाऊन तो उचलून घेऊन आला.

"डेस्मंड, याला पट्टा कुठाय?"

"पिल्लू आहे रे. पिल्लांच्या मानेवर डाग नसतो."

"मान राहू दे. मी पंख दाखवतोय तुला."

डेस्मंडने पंख पाहिला. पांढऱ्याचा मागमूस नव्हता. तेवढ्यात कुंपणाच्या फाटकातून बाई येताना दिसल्या. जेवणाला दोन कबुतरं न्यायची म्हणून त्या शिकारीची थैली उघडून बघणारच. शिकारी माणसं मेलेली कबुतरं हनुवटीखाली काडी टेकवून, वाऱ्याकडे तोंड करून आमिषातच मांडतात. डेस्मंडने धावत जाऊन पारवाही तसाच मांडला आणि तो आडोशात परतला. अक्कल अशी वेळेवर धावून येते.

"तो पारवा ना?" आडोशात शिरत बाईंनी विचारलं.

"हो बाई."

"आणि तुम्ही बंदूक खाली ठेवलीत. मी उगाच शंका घेत होते हो तुमच्यावर." त्या स्टुलावर बसल्या. "उडेपर्यंत बघू या."

रॉनीने थर्मासमधला चहा ओतला.

उडायचं राहिलं, उलट ओकवरून दुसरा पारवा उतरला. घुमत, मान लववत तो पहिल्याभोवती फिरला, मग त्याने हलकेच चोच लावली. काडी सरकली. मान लटकन मातीत पडली.

बाईंनी कप खाली ठेवला.

"मिस्टर प्रेंटिस, तुम्हाला फार कळतं म्हणे. त्यातला जिवंत कोणता?"

"उजवीकडचा," डेस्मंड म्हणाला. या खेपेस त्याने बरोबर ओळखलं होतं.

मग तो प्लास्टिकची कबुतरं गोळा करायला गेला. त्याचं पाऊल जवळ आलं तरी उजवीकडचा पारवा उडायला तयार नव्हता.