पर्याय तिसरा : बरी

आमच्या अहवालानुसार बहारीनमध्ये सलमाबादच्या वर्कशॉपमधला वेल्डर मनामाच्या बँकेतल्या मॅनेजरपेक्षा तब्येतीने सरस निघाला. प्रकल्पप्रमुख जयप्रकाश सरांनी हा निष्कर्ष तीनदा मोठ्याने वाचला आणि ऑफिसात खजुराचा डबा फिरवला. मी दोन उचलले. निष्कर्षात माझा वाटा होताच. केवढा, ते मात्र तेव्हा ठाऊक नव्हतं.

प्रकल्प साधा होता. माणूस कुठे राहतो, एका खोलीत किती जण झोपतात, शिफ्ट कुठली, घरी जाऊन किती वर्षं झाली, आणि या सगळ्याचं शरीरावर काय होतं, हे विचारायचं आणि मांडायचं. मांडायचं काम माझं. मी डेटा मॅनेजर. पहिल्या फेरीत कामगारांच्या वस्तीचे तीन कॅम्प घेतले होते, तिन्ही एकाच कंत्राटदाराने रत्नागिरी-रायगडहून आणलेल्या माणसांचे. म्हणून त्यांच्यासाठी मराठी फॉर्म केला. तोही मीच. बँकांसाठी इंग्रजी फॉर्म होताच.

मुख्य प्रश्न एकच : तुमची तब्येत कशी आहे? उत्तरं पाच. उत्तम, चांगली, बरी, ठीक, वाईट. पहिली तीन आली की माणूस निरोगी धरायचा, शेवटची दोन आली की आजारी. तिसरीच्या खाली रेघ. इंग्रजी फॉर्मात तिसरं उत्तर ‘गुड’. तिथे मी ‘चांगली’ ठेवून दुसरीला ‘खूप चांगली’ करू शकलो असतो. पण मी पुण्याचा. भाषेचा विषय निघाला की आम्हाला गप्प बसवत नाही. कोकणात ‘बरा’ म्हणजेच चांगला, ‘बरा माणूस’ म्हणतात तिकडे, असं मी सरांना पाच मिनिटं समजावलं. त्यांनी माझं कौतुक केलं. कौतुकाला मी नाही म्हटल्याचं आठवत नाही.

फॉर्म भरून घेतले अजराआपाने. आपा दापोलीकडची, चाळिशी ओलांडलेली, बहारीनमध्ये वीस वर्षं. कॅम्पच्या दारात ती उभी राहिली की आतले लोक बनियनवर शर्ट चढवून बाहेर येत. मी गेलो असतो तर लाइट घालवून झोपले असते. चारशे फॉर्म तिने सात आठवड्यांत आणले, एकही अर्धवट नाही. सर तिला ‘आमची यल्ला एक्सप्रेस’ म्हणत, यल्ला म्हणजे अरबीत ‘चला, चला’. ती हसत असे. पण सरांची पाठ वळली की हसू लगेच आवरतं घेई, हे मी टिपून ठेवलं होतं.

अहवाल गेल्यावर तीन आठवड्यांनी ती माझ्या टेबलाशी आली.

“मयुरेशभाई, व्हॅन मफी.”

“कुठली व्हॅन?”

“मंगळवारची. खलास. गेटवर कागद लावलाय.” तिने मोबाइलवर फोटो दाखवला.

कॅम्पच्या कंपन्या मिळून एक दवाखान्याची व्हॅन चालवत. दर मंगळवारी संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी ती फाटकाशी येई. नसीबा नावाची नर्स साखर तपासायची, प्रेशर बघायची, जखमा बांधायची. हेल्थ सेंटर होतं, पण त्याची वेळ आणि शिफ्टची वेळ तीच. तिथे जायचं तर सुट्टी मागा, सुट्टी मागायची तर कारण सांगा. कागदावर लिहिलं होतं की ताज्या पाहणीत ऐंशी टक्के कामगारांनी आपली तब्येत चांगली असल्याचं सांगितलं, सबब ही सेवा थांबवण्यात येत आहे.

“चांगली कोण म्हणालं?” आपा म्हणाली. “एकेकाला मी विचारलंय. बरी म्हणाले.”

“बरी म्हणजे चांगलीच ना आपा, तुमच्याकडे? बरा माणूस म्हणता ना?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मासळीवाली गिऱ्हाइकाने बांगड्याला सुरमई म्हटल्यावर पाहते.

“माणूस बरा असतो, मयुरेशभाई. तब्येत बरी असते म्हणजे मेला नाय, एवढंच.”

“मग ठीक का नाही म्हणाले? ठीक होतं की खाली.”

“ठीक कोण म्हणतो? ते हिंदीत बोलताना म्हणतात. चांगली म्हटली तर नजर लागते. वाईट म्हटली तर सुपरवायझरच्या कानावर जाते, नायतर गावाला बायकोच्या. राहिलं काय?” मग आवाज उतरवून म्हणाली, “आणि मी खाली लिहिलं होतं ना. प्रत्येकाच्या खाली लिहिलं होतं.”

लिहिलं होतं. फॉर्मच्या तळाशी ‘शेरा’ नावाचा रकाना होता. आकडेमोडीच्या प्रोग्रामला मजकूर चालत नाही म्हणून डेटाच्या साफसफाईच्या पहिल्याच दिवशी तो मी उडवला होता. मूळ प्रत सर्व्हरवर होती. ती उघडून मी दुपारभर वाचत बसलो.

‘बरी म्हणाला. बोलताना दोनदा खाली बसला.’ ‘बरी. डोळ्यांसमोर अंधारी येते, पण ती सगळ्यांनाच येते म्हणाला.’ ‘बरी. झोप नाही, दिवसा एसी बंद ठेवतात, रात्रपाळीवाले दिवसा झोपतात.’ एका ओळीवर आपाचा सख्खा मामा निघाला, हारून, वय अठ्ठावन्न, वेल्डर, साखरेचा आजार. शेरा : ‘बरी म्हणाले. बूट काढा म्हटलं, काढला नाही.’

मी मोजलं. मोजल्याशिवाय मला दुःखसुद्धा होत नाही. चारशेत ‘बरी’ दोनशे शहाण्णव. उत्तम आणि चांगली मिळून सव्वीस. ‘बरी’ रेघेच्या वर धरली तर निरोगी साडेऐंशी टक्के. रेघेखाली धरली तर साडेसहा.

जयप्रकाश सरांनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

“ऐंशीचे साडेसहा? एका शब्दाने?”

“हो सर.”

“कोणी निवडला होता शब्द?”

“मी.”

“मग शुद्धिपत्र काढू. खाली तुझं नाव घालू. ‘भाषातज्ज्ञ मयुरेश यांच्या कृपेने.’ चालेल?”

मी टेबलावरचा कागद उचलून त्याची घडी घातली.

“हे बघ, तू साहित्य संमेलन भरवायला इथे आलेला नाहीस. मंगळवारी झल्लाकला प्रेझेंटेशन आहे. कंपन्यांचे सगळे लोक येणार, दुसऱ्या फेरीची मंजुरी तिथेच मिळणार. तुझा व्हिसा कुठल्या फेरीवर आहे?”

“दुसऱ्या.”

“वा! गणित पक्कं आहे तुझं. अहवालाची पक्की प्रत तिथे वाटायची आहे, तिच्यात मर्यादांच्या पानावर एक वाक्य टाक भाषांतराबद्दल. छान टाक, तुला जमतं.”

मुलीची शाळा, कस्तुरीची नोकरी, फ्लॅट, सगळं माझ्या व्हिसाला टांगलेलं. कस्तुरीला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, खरं ते बोल. आणि मग माझ्याकडे सबब उरली नसती. वाक्य मी टाकलं. ‘बोलीभेदामुळे काही उत्तरांच्या अर्थच्छटेत किंचित फरक संभवतो.’ सत्तेचाळिसाव्या पानावर, तळाला.

आपाला मी एवढंच म्हटलं, “झल्लाकला माझी दहा मिनिटं आहेत. बघतो.” तिने त्याचा अर्थ ‘सांगतो’ असा घेतला. मी तो तसा घेऊ दिला.

झल्लाकचं रिसॉर्ट समुद्राला लागून. हॉलचे पडदे ओढून घेतलेले, कारण स्क्रीनवर ऊन पडत होतं. आपाला फील्ड टीमच्या वतीने बोलावलं होतं. ती मागे कॉफीच्या टेबलापाशी उभी राहिली, खुर्ची असून बसली नाही. माझी दहा मिनिटं संपत आली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनीच विचारलं, भाषांतराचा काही प्रश्न आला का? याहून सोपं दार कोणी कोणाला उघडून देत नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, आपल्या कफाचं बटण पाहत राहिले.

“मायनर,” मी म्हणालो. “विदिन लिमिट्स.”

आपाचं इंग्रजी फॉर्म भरण्यापुरतं आहे. पण मायनर तिला कळलं. तिने कप तिथेच ठेवला आणि दार हलकेच ओढून बाहेर गेली.

दुसरी फेरी मंजूर झाली. व्हिसा आला. व्हॅन आली नाही. त्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यात हारूनमामूंना गावी पाठवलं. बुटातली जखम आत गेली होती. रत्नागिरीला दोन बोटं कापावी लागली. आपाने हे मला पाण्याच्या मशीनपाशी सांगितलं, बाटली भरता भरता, सुट्टीचा अर्ज सांगावा तसं. मी “अरेरे” म्हणालो. तिने झाकण लावलं.

दुसऱ्या फेरीला तेच कॅम्प, तीच माणसं, तोच फॉर्म. फॉर्म बदलायचा नाही, नाहीतर दोन फेऱ्यांची तुलना होत नाही, असा नियम. तो मीच सरांना वाचून दाखवला. आपानेच पुन्हा फॉर्म भरून घेतले. तीनशे बासष्ट माणसं सापडली. त्यांपैकी तीनशे एकोणपन्नास जणांची तब्येत : वाईट.

सर खुर्चीतून उठले. “हे काय आहे?”

“उत्तरं आहेत.”

“ही उत्तरं नाहीत, मोर्चा आहे हा! बोलव तिला.”

आपा आली. सर तिला यल्ला एक्सप्रेस म्हणाले नाहीत.

“तुम्ही लोकांना काय उत्तर द्यायचं ते शिकवलंत?”

“नाय सर.”

“मग साडेतीनशे माणसं एका सुरात वाईट कशी म्हणतात?”

“मी एवढंच सांगितलं, लाज सोडून बोला. मागच्या वेळी लाजेने बोललात, त्याचं काय झालं ते बघितलंत ना.” ती माझ्याकडे वळली. “मयुरेशभाई, शेरे वाचा. या वेळी बूट काढून दाखवलेत त्यांनी.”

“हे शिकवणंच झालं,” सर म्हणाले. “मयुरेश, नियम काय सांगतो?”

नियम सांगतो की मुलाखत घेणाऱ्याने उत्तराकडे इशारा केला असेल तर ते फॉर्म बाद. नियम चुकीचा नाही. मी दुसऱ्या कोणाच्या प्रकल्पात असतो तर हेच सांगितलं असतं. फक्त तीनशे माणसं ‘बरी’ म्हणाली होती तेव्हा, एवढी माणसं एका सुरात कशी, असं या खोलीत कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. खजूर खाल्ले होते.

“बाद,” मी म्हणालो.

फॉर्म बाद करताना कारण लिहावं लागतं. आपा खोलीतून गेली नव्हती. माझ्या मागे उभी राहून ती स्क्रीन वाचत होती. मी लिहिलं, ‘मुलाखतकाराचा प्रभाव’.

“प्रभाव,” ती म्हणाली. “चांगला शब्द हाय. कागदावर शोभतो.”

तिचं काम त्याच दिवशी थांबवलं. सामान ताब्यात घेणं माझ्याकडे होतं. टॅबलेट एक. ओळखपत्र एक, दोरीसकट. उन्हाची टोपी एक. मी यादीवर खुणा करत गेलो, ती एकेक वस्तू टेबलावर ठेवत गेली.

“चार्जर?” मी विचारलं.

“कॅम्पात राहिला. तीन नंबरच्या खोलीत लावला होता.”

“मग तो आणून द्यावा लागेल, आपा.”

“तुम्हीच जा ना आणायला,” ती म्हणाली. “दार उघडतात का बघा.”

तिने सही केली आणि पेनाला टोपण लावून पेन माझ्या बाजूला सरकवलं. चार्जरपुढे मी ‘अप्राप्त’ लिहिलं आणि यादी फाइलला लावली.