डांबराखाली चाळीस वर्षं

मी ट्रामचा रूळ बोलतोय. हौसेने नव्हे. ज्या लोहारीणबाईने मला जमिनीतून बाहेर काढवलं, ती रोज डोकं खाते, "सांगा की म्हातारबा, सांगा." पडून राहिलेल्याला जरा पडू द्यावं की नाही? असो. एकदाच सांगतो. मधे बोलू नका.

भट्टीतून लालबुंद निघालो, थंड झालो आणि बाजाराच्या रस्त्यात दगडांमधे जाऊन बसलो. माझ्या डोक्यावर लांबलचक खाच. ट्रामचं चाक तिच्यातून जायचं. एरवी टरफलं, बटणं, चपलांच्या टाचा. सायकलवाला आपटला की शिव्या मला. त्याचं लक्ष कुठे होतं, ते कोणी विचारायचं नाही.

एकच माणूस माझ्याकडे नीट बघायचा. रूळ तपासणारा. त्याला सगळे ठोक्या म्हणत. रोज सकाळी, पहिल्या ट्रामच्या आधी, लांब दांड्याचा हातोडा घेऊन यायचा. तीन ठोके द्यायचा, मान कलती करून ऐकायचा. आतून तडा गेला असला की आवाज बसका येतो. माझा कधी आला नाही. "ठणठणीत!" म्हणायचा आणि पुढे जायचा. अशी सतरा वर्षं.

मग ट्राम बंद झाली. ठोक्याला डांबराच्या कामावर मुकादम केलं. हुकूम होता, रूळ उपटा आणि रस्ता करा. चार दिवस गडी पहारी घेऊन झटले, दगड काही हलेनात. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला येणार. ठोक्या माझ्याजवळ उकिडवा बसला. "दोन महिन्यांत काढायला येतो बघ," म्हणाला. मग उकळतं डांबर ओतलं आणि कागदावर लिहिलं, रूळ काढले.

चाळीस वर्षं गेली. आधी मी वाट बघितली. मग वाट बघायचाही कंटाळा आला.

एक दिवस पाण्याचा पाइप टाकायला खोदायचं मशीन आलं. त्याचा दात माझ्यावर तुटला. इंजिनियर साहेब नकाशा झाडत म्हणाले, "इथे रूळ नाहीतच. कधीच काढलेत."

"मग दात काय माझ्या नशिबावर तुटला?" मशीनवाला म्हणाला.

साहेबांनी हातोडी मारली. भद्द! "सडलाय. तुकडे करून भट्टीत पाठवा."

तुकडे करायला ही लोहारीणबाई आली. तिने वाकून बघितलं. "साहेब, याच्या अंगावर चार बोटं डांबर, निम्मा मातीत. तुमच्या तोंडावर गादी दाबली तर तुम्ही तरी गाल का? आमच्या नाल्यावर नुसती फळी आहे. माझी सासू दोनदा पडली. रूळ चांगले निघाले तर पुलाला द्या."

"पडू दे की सासूला," मशीनवाला हसला.

"पडली की उचलायला मलाच जावं लागतं ना!"

तिने मला उचलवून दोन दगडांवर ठेवलं, डांबर खरवडलं. खरं सांगतो, घाबरलो. इतक्या वर्षांत आत काय झालंय, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. तिने हातोडा उचलला.

ठण्ण! समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला.

"चुकलं माझं," साहेब पुटपुटले.

आता मी आणि माझा जोडीदार, पलीकडचा रूळ, नाल्यावर आडवे आहोत. अंगावर फळ्या, कडेला चार बोटं मी उघडा, खाच दिसेल इतका. जन्मभर समोरासमोर होतो, आता जवळ आलोय, तर बोलायला काही उरलं नाही.

गेल्या आठवड्यात एक म्हातारा काठी टेकत आला. मधेच थांबला. वाकून माझी खाच बघितली. काठीच्या लोखंडी टोकाने तीन ठोके दिले, मान कलती केली. पहिल्याच ठोक्याला हात ओळखला मी. त्याने तोंड उघडलं. म्हटलं, आता बोलेल.

मागून सासू ओरडली, "अहो, सरका की! पूल काय तुमच्या बापाचा आहे?"

"ठणठणीत आहे हो," तो तिला म्हणाला. मला नाही. डोळे पुसले आणि गेला.

आता रोज येतो. तीन ठोके देतो, मान कलती करून ऐकतो, जातो.

तुम्ही या-जा, खुशाल पाय द्या. फक्त थुंकू नका. माझं आता कोणाशी भांडण नाही. साहेबसुद्धा चुकलं म्हणाले. एकाचंच म्हणायचं राहिलंय. ठोक्याचं.