पेज निवेपर्यंत

मी एक जुनी डोण आहे. मित्रांनो, डोण म्हणजे जनावरांना खाऊ घालायचे लाकडी भांडे. उत्तन गावी माझा मालक पीटर याच्या वडिलांची होडी खडकावर फुटली, तिच्या फळ्या जोडून त्यांनी मला केले. आधी मला बाहेरून समुद्र लागत होता, मग आतून पेज लागू लागली. कितीतरी डुकरे माझ्यात जेवून मोठी झाली. पाहुणे म्हणत, "डोण बाकी मजबूत हाय!" तेवढेच माझे कौतुक.

२००४ साली डुकरीण साप चावून मेली. मागे अठरा दिवसांची सात पिल्ले राहिली. पीटरची बायको टेरेझा म्हणाली, "सातही जगवीन." दूध पुरेना, म्हणून ती तांदळाची पेज देऊ लागली. पिल्लांना हगवण लागली.

भाईंदरहून जनावरांच्या डॉक्टर निशिगंधा आल्या. "आईचं दूध लवकर तुटलंय. पेज पचवायचे रस यांच्या पोटात अजून पुरेसे होत नाहीत. ही एन्झाइमची पावडर पेजेत घाला. पचेल, आतडीही नीट वाढतील." त्या घाईत होत्या. पाकिटावर बारीक इंग्रजी होते. टेरेझाला ते वाचता येत नव्हते.

ती चुलीवरची रटरटती पेज माझ्यात ओती, लगेच पावडर टाकी आणि मग निवायची वाट पाही. पीटर म्हणे, "मला थंड चा आन् डुकरांना ऊन पेज! उद्यापासून मी पन डोणीवर बसतो."

"तुझी आय जिती हाय. त्यांची न्हाय," टेरेझा म्हणे.

चार दिवसांत तीन पिल्ले गेली. डॉक्टरांनी तिसरे कापून पाहिले. आतडे भिजल्या कागदासारखे पातळ होते.

"पावडर कधी घालता?"

"पेज उकळती असते तवाच. चांगली मुरते ना."

"टेरेझाबाई, एवढ्या उष्णतेत ती निकामी होते. कोमट झाल्यावर घालायची. मी सांगायला हवं होतं."

माझ्या काठावर वाळलेला पेजेचा पापुद्रा टेरेझा नखाने काढत राहिली.

त्यानंतर ती पेजेत बोट बुडवून बसे. बोटाला सोसली की मगच पावडर. आणखी एक पिल्लू गेले. तीन जगली. पुढे ती इतकी दांडगी झाली, की धक्के देऊन मला पालथी करत.

"तीन त जगवलीस," पीटर म्हणाला.

"सात होती," ती म्हणाली.

तिने पुन्हा डुकरे पाळली नाहीत. मी माडाखाली पालथी पडून आहे. एक बाजू वाळवीने खाल्ली. त्याचे दुःख नाही. फारसे काहीच वाटत नाही.

मित्रांनो, लहान जिवाला औषध द्याल तेव्हा ते कसे द्यायचे हेही विचारा. सांगणारा घाईत असला, तरी थांबवून विचारा. त्या चार दिवसांत पावडर माझ्यात पडे, तेव्हा पेज किती कढत आहे हे मला कळत होते. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.