महिपतचं झाड

महिपत बोटीवर खलाशी होता. एका सफरीवरून येताना त्याने कुंडीतलं वीतभर रोप आणलं आणि गुहागरच्या आगरात, पोफळींच्या शेजारी लावलं. तो वारल्यावरही झाड वाढत राहिलं. मजल्यामजल्याने फांद्या पसरत माडांच्या वर निघालं. गावात त्याला सगळे ख्रिसमस ट्री म्हणत. त्याची बायको मथुरा 'ह्यांचं झाड' म्हणे.

यंदा धाकटा दीर विनीत मुंबईहून आला तो खोल्या बांधायचं ठरवूनच. पर्यटकांच्या गाड्यांना जागा हवी होती.

"वहिनी, ते झाड काढूया. ना फळ, ना सावली. आपल्याकडचं नव्हेच ते."

मथुराची मुलगी मनस्वी भूगर्भशास्त्र शिकत होती, नुकतीच सिरोंच्याकडून अभ्यासदौरा करून आली होती. तिने आईला मोबाइलवर फोटो दाखवला. लालसर मातीत आडवं पडलेलं खोड, सालीच्या रेषांसकट दगड झालेलं.

"आई, डायनासोरच्या काळातलं आहे हे. अशा सूचिपर्णी झाडांची रानं होती तिथे. आपल्या झाडाच्या नात्यातली."

मथुराने फोटो बोटांनी मोठा करून पुन्हा पाहिला. "म्हणजे आपण नव्हतो तेव्हापासून ह्याचे लोक इथे होते."

"आपल्याच देशात."

दुसऱ्या दिवशी सकाळी विनीत करवतवाल्यांना घेऊन आला. मथुरा बुंध्याला पाठ लावून सुपाऱ्या सोलत बसली होती.

"वहिनी, उठा."

"नाही उठणार. आगर अर्धं माझं आहे, भाऊजी. तुमच्या अर्ध्यात काय हवं ते तोडा."

"गावात तमाशा होईल."

"होऊ दे. मी इथेच जेवेन."

करवतवाले एकमेकांकडे बघत उभे राहिले. एक म्हातारा म्हणाला, "बाई बसलेल्या झाडाला मी हात लावणार नाय." थोड्या वेळाने ते निघून गेले.

विनीतने स्वतःच्या बाजूचे चार माड पाडून गाड्यांना जागा केली. त्याने बोलणं टाकलं. गणपतीही वेगळा बसवला. मोदक वळताना मथुराला त्याचं वाईट वाटलं, पण समजूत घालायला ती गेली नाही.

नंतर तिने मनस्वीला रत्नागिरीच्या नर्सरीत पाठवून तसलंच आणखी एक रोप मागवलं. हद्दीला लागून, आपल्या बाजूला खड्डा काढला. विनीत पडवीतून बघत होता. मथुराने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि माती पायाने घट्ट दाबली.