साठावर येणारी बना

अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या सरळ रस्त्यावर माणसं सायकली, मोटारसायकली आडव्या लावून उभी होती. टॉवेलच्या कारखान्यांना सुट्टी, आणि भुताला तिकीट नाही. मग घरी कोण बसतो? ट्रकांच्या शर्यतीसाठी तयार होणारा निळा ट्रक दर फेरीला दोन साक्षीदार घेऊन जायचा आणि दोन पांढरेफटक चेहरे घेऊन परतायचा.

"आयशप्पथ, लिंबू नाचतंय की रं! हात बी लावला न्हाय कुनी!"

लिंबू नाचवणारे हे गाडीबाबा. नुसती वाहनांची भुतं काढायची, हा त्यांचा खास धंदा. "चेसीला नजर, इंजनाला बाधा, डायव्हरला साडेसाती, तिन्हींचा निकाल एका नारळात!" असं ते कर्ण्यावरून गर्जायचे. मग केबिनमध्ये बसून, डोळे मिटून हाक द्यायचे, "ये बना, ये!" आणि त्याच क्षणी स्टिअरिंग, सीट, डॅशबोर्डवरचं लिंबू, सगळं थरथरू लागायचं.

बना म्हणजे बनाबाई, ट्रक चालवणाऱ्या शहाजीची बायको. श्रावणात काविळीनं गेली. दसरा झाला आणि ट्रक थरथरू लागला. लोकांनी दोन्हींची गाठ मारून टाकली. मालक नंदीशशेठ शर्यतीच्या तोंडावर धास्तावले होतेच, तेवढ्यात बाबांनी निदान केलं: हडळ. संध्याकाळी तिला लिंबात उतरवायची आणि ते लिंबू बाभळीला खिळ्यानं ठोकायचं, की बना पुन्हा येणार नाही.

शहाजी मुकाट्यानं फेऱ्या मारत होता. त्याला ती थरथर हवी होती, हे गर्दीत कुणाला ठाऊक नव्हतं. घरी दोन खोल्या आणि एका माणसाचा स्वयंपाक. वेगाचा काटा साठावर आला की तो शेजारच्या सीटकडे बघून बोलायचा, "आज आमटी लई खारट झाली बग, बना." सीट हलायची, आणि त्याला वाटायचं, ऐकतेय. आता तिलाच खिळा ठोकणार होते. बायको दुसऱ्यांदा जाणार, आणि तीही हडळ म्हणून.

तेवढ्यात धम्मप्रिया मॅडम आल्या. तंत्रनिकेतनात त्या मोटारगाड्यांचं शास्त्र शिकवायच्या. शेठनीच त्यांना शर्यतीआधी ट्रक तपासायला बोलावलं होतं. त्यांनी सगळा तमाशा शांतपणे पाहिला आणि म्हणाल्या, "बाबा, आता एक फेरी माझ्यासमोर. फक्त वेगाच्या काट्यावर हा टॉवेल टाकते."

"देवाच्या कामात आडपडदा चालत न्हाय!"

"तुमचे डोळे तर मिटलेलेच असतात. काटा झाकला तर काय बिघडतं?"

लोक खो खो हसले. बाबांना मॅडमबरोबर चढणं भाग पडलं. ट्रक सुटला. बाबांनी हाक दिली, लिंबू ढिम्म. दुसरी हाक, तिसरी हाक. लिंबू बसल्या जागी. बाबा घाम पुसायला लागले आणि कुणीही न बोलावता थरथर सुरू झाली.

"शहाजीभाऊ, वेग हाच राहू द्या, पण एक गिअर खालचा टाका," मोबाइलवर वेग बघत मॅडम म्हणाल्या. इंजिन किंचाळलं, पण थरथर तेवढीच. "आता न्यूट्रल." इंजिनाचा आवाज बसला, तरी थरथर होतीच. "म्हणजे दोष इंजिनात नाही. गिअरबॉक्सच्या मागं, चाकांबरोबर जे फिरतं, त्यात आहे."

ट्रक परत गर्दीजवळ येऊन थांबला आणि मॅडम त्याच्या खाली शिरल्या. चाकांकडे ताकद नेणारा लांब शाफ्ट चंदेरी रंगात लखलखत होता. खंडेनवमीला गॅरेजवाल्यांनी पान्या-हातोड्यांबरोबर तोही उतरवला होता, रंगवून, हळदकुंकू लावून पूजेत मांडला होता. मॅडमनी चाकूनं रंग खरवडला. खालून दोन बाण निघाले, एक इकडं आणि एक तिकडं.

"हा शाफ्ट दोन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा. जोडताना बाण समोरासमोर यायला हवेत. रंगानं ते बुजले, आणि तुकडा फिरून बसला. दोन टोकांचे सांधे नीट जुळले की एकाचा झटका दुसरा मारून टाकतो. इथं ते जुळलेच नाहीत. साठाच्या आसपास त्या झटक्यांनी सगळा ट्रक हलतो."

"मग बाबा," शेठनी विचारलं, "साठाचं तुमाला कळलं कसं?"

बाबा कर्ण्याची वायर गुंडाळू लागले. उत्तर शहाजीनं दिलं.

"म्याच सांगितलं. घरी आलते. मांडी घालून बसले, म्हनले, एकट्याला कसं वाटतं? बना गेल्यापासनं कुनी इचारलंच न्हवतं, शेठ. म्या समदं बोलून गेलो."

गर्दीतलं हसू विरलं. कुणी कुणाकडे बघेना.

शाफ्ट उतरवून, बाण जुळवून पुन्हा बसवला. शहाजी एकटाच निघाला. साठ झाले, सत्तर झाले. ट्रक कसा तुपासारखा चालला होता. "बना," त्यानं हाक मारली. शेजारची सीट हलली नाही. रस्त्याच्या टोकाला ट्रक उभा करून तो पोटभर रडला, आणि मग परत आला.

"ती हितं न्हवतीच," तो खाली उतरून म्हणाला. "आता माज्या बायकोला हडळ कुनी म्हनायचं न्हाय."

यंत्र थरथरलं तर आधी वाकून त्याच्या खाली बघा, बाबा नंतरही सापडतील. गेलेलं माणूस गाडीत येत नाही, आणि ते येतं म्हणणारा आपल्या दुःखावर पोट भरतो. आणि गल्लीत कुणाचं माणूस गेलं असेल, तर संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसा. कसं वाटतंय, एवढं विचारा. आपण जात नाही, म्हणून बाबा जातात.