दुपदरी माप

आरोग्य विभागाच्या मागच्या खोलीत दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि एक निरीक्षक होते, आणि एवढ्यालाच नगरपालिका ‘प्लास्टिक निर्मूलन पथक’ म्हणायची. निरीक्षकांचं खरं नाव हजेरीपत्रकात होतं. पण शिपायापासून बाजारातल्या भाजीवाल्यापर्यंत सगळे त्यांना मायक्रॉनसाहेब म्हणत. चार वर्षांपूर्वी पातळ पिशव्यांवर बंदी आली तेव्हा हा शब्द त्यांच्या हाती लागला, आणि नवी सायकल मिळालेल्या पोरासारखे ते त्याच्यावरून उतरेचनात.

ती कामावर रुजू झाली त्या सोमवारी त्यांनी स्वतः खुर्ची पुढे सरकवली.

“बस. मुकादमांच्या जागी घरातल्या कुणाला तरी घ्यायचंच होतं. मी म्हटलं, माझ्याच खात्यात द्या. झालं गेलं विसरायचं. माणूस गेला की वैर संपतं, काय?”

“हो साहेब,” ती म्हणाली.

वैर संपलेलं नव्हतं. तिच्या अप्पांना जाऊन पाच महिने झाले होते, आणि त्या पाच महिन्यांत वैराने बाळसं धरलं होतं.

अप्पा नाले साफ करणाऱ्या टोळीचे मुकादम. सत्तावीस वर्षं त्यांनी शहराचा नको तो ऐवज कमरेइतक्या पाण्यात उभं राहून उपसला होता. बाजारामागचा नाला पातळ पिशव्यांनी बुजत चाललाय, असं त्यांनी तीनदा लेखी कळवलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: ‘पिशव्यांची तपासणी केली. जाडी बावन्न मायक्रॉन. नियमात.’ नियम किमान पन्नासचा होता. मग एका पावसात तो नाला तुंबला, सगळ्या बाजारात गुडघाभर पाणी शिरलं, आणि खापर फोडायला डोकं शोधायची वेळ आली.

चौकशी मोठ्या सभागृहात झाली. अप्पांना चष्मा लावूनही कागद नीट वाचता येत नसत, म्हणून ती त्यांच्या मागच्या रांगेत बसली होती. मायक्रॉनसाहेबांनी अहवालांचा गठ्ठा वर धरला आणि म्हणाले, “एकही पिशवी पन्नासच्या खाली नाही. नाला पिशव्यांनी तुंबला नाही, आळसाने तुंबला.”

“साहेब, बोटांनी चोळली तरी कळतं,” अप्पा म्हणाले. “पाण्यात ती पिशवी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते.”

“मुकादम, तुमच्या बोटांत काय यंत्र बसवून घेतलंय?”

सभागृह हसलं. पहिल्या रांगेतले व्यापारी हसले, नगरसेवक हसले, दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा तोंडावर हात ठेवून हसला. अप्पांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, जणू तीच खोटं बोलली होती. त्याच दिवशी ते निलंबित झाले. पुढे सात महिने ते घरात बसून राहिले, आणि एका दुपारी बसल्या जागीच गेले. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. तिने कागद घेतला, डॉक्टरांचे आभार मानले, आणि ते हसू मनात जपून ठेवलं.

पहिल्याच सोमवारी साहेबांनी तिला यंत्र दाखवलं. जाड घड्याळासारखी तबकडी, खाली दोन जबडे. खात्यात सगळे त्याला चिमटा म्हणत.

“हे बघ. पिशवी अशी टेबलावर ठेवायची, तळहाताने सपाट करायची, सुरकुती राहता कामा नये. आता चिमट्यात धर. किती?”

“बावन्न.”

“शाब्बास! नमुना नियमात. तू नोंद करायची, खाली सही करायची, वर माझी सही. संपलं. शास्त्र आहे, इथे वशिला चालत नाही.”

तिने नोंद केली, सही केली. पण तिचा अंगठा अवघडला होता. त्याआधी सहा वर्षं ती एका छापखान्यात होती. तिथे कागदाची जाडी अशाच यंत्राने मोजायचे, आणि दोन कागद एकत्र चिमट्यात गेले तर म्हातारा यंत्रवाला बोटांवर फूटपट्टी मारायचा. एक ताव, एक माप. साहेब जेवायला गेल्यावर तिने ती पिशवी उचलली, तोंडाशी फुंकर घालून उघडली, आणि तिचा फक्त एक पदर चिमट्यात धरला.

सव्वीस.

तिने दुसरी घेतली. सव्वीस. तिसरी, पंचवीस. पिशवी म्हणजे दोन पदर एकमेकांना चिकटवलेले; साहेब दोन्ही एकदम मोजत होते. चार वर्षं. ज्या पिशवीवर बंदी होती, नेमकी तीच पिशवी ते सही-शिक्क्याने पास करत होते. व्यापाऱ्यांना ठाऊक असणारच. पण आंधळं दळतंय तिथे पीठ खाणाऱ्या कुत्र्याने जात्याकडे बोट कशाला दाखवावं?

तिचा पहिला विचार लाचेचा होता. त्या आठवड्यात तिने जुन्या फायली उलटसुलट केल्या, शिपायाला चहा पाजून बोलतं केलं.

“साहेब आणि लाच?” शिपाई म्हणाला. “ताई, दुकानदाराने लिंबू सरबत पुढे केलं तरी हा माणूस उठून जातो. घरी पाहिलंत का त्यांच्या? पंख्यालासुद्धा एकच वेग आहे.”

म्हणजे लाच नव्हती. निव्वळ अडाणीपणा होता, टापटीप, इस्त्री केलेला अडाणीपणा. हे कळल्यावर तिचा राग निवायला हवा होता. तो उलट भडकला. लाच खाल्ली असती तर निदान अप्पांचा काहीतरी भाव लागला असता. त्यांचा जीव फुकट गेला होता, एका माणसाने पिशवी उघडून पाहिली नाही म्हणून.

ती त्याच दिवशी सांगू शकली असती. साहेब दचकले असते, चिमटा उलटा करून पाहिला असता, संध्याकाळपर्यंत नवा आदेश निघाला असता आणि बाबा पुता करून सगळं मिटलं असतं. तिला मिटवायचं नव्हतं. अप्पांना चार भिंतींच्या आत कुणी हिणवलं नव्हतं. तीन महिन्यांनी त्याच सभागृहात मोठी सभा होती. शहराला ‘आदर्श’ ठरवलं होतं, आणि पिशव्या कशा तपासायच्या ते पाहायला दुसऱ्या सहा शहरांचे अधिकारी येणार होते. प्रात्यक्षिक दाखवणार होते मायक्रॉनसाहेब.

ती थांबली. रोज टेबल पुसायची, नमुने लावून ठेवायची, पिशवी सपाट करून द्यायची. “पोरीचा हात किती साफ!” साहेब म्हणायचे. एकूण सत्तावीस अहवालांवर तिने सही केली, आणि प्रत्येक पिशवीचं खरं माप घरी एका वहीत तारखेसकट उतरवून ठेवलं.

दर शुक्रवारी लांबूकाका यायचे. अप्पांच्या टोळीतला सगळ्यात उंच माणूस, आता मुकादम. खोल जागी तेच उतरत, कारण बाकीच्यांच्या नाकाशी पाणी येई.

“अगं, काल दोन ढीग काढले,” ते दारातूनच म्हणत. गमबूट घालून आत यायचं नाही हा त्यांचा नियम. “सगळ्या पापुद्र्याच्या. तुझ्या बापाचंच खरं होतं. सांग ना तुझ्या साहेबाला, तू आता कागदवाली.”

“थोडं थांबा काका.”

“मी थांबतो गं. नाला कुठे थांबतो?”

सभेला दोन आठवडे उरले असताना नाला थांबला नाही. मोरीच्या तोंडाशी पिशव्यांचा घट्ट बोळा बसला होता. काका त्यावर पाय देऊन वर रेटत होते आणि बोळा एकदम सुटला. मागचं कोंडलेलं पाणी त्यांना घेऊन गेलं. पंचवीस पावलांवर लोखंडी जाळीला अडकून ते वाचले, पण मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

ती रुग्णालयात गेली. काकांचा पाय वजन लावून वर टांगला होता.

“बघ, एवढी उंची देऊन देवाने पलंग मात्र छोटा दिला,” ते म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं आणि तिला बसायला स्टूल दिलं. “तू आलीस, बरं वाटलं बघ. आपलं असं तूच आता त्या कचेरीत.”

ती पाऊण तास बसली. बाहेर आल्यावर जिन्याशी थांबली. फोन हातात होता. मुख्याधिकारी बाईंचा नंबर होता. दोन वाक्यांचं काम होतं. बोळा सुटला त्या दिवसापर्यंत ती म्हणू शकत होती की तिचं थांबणं कुणाला लागलं नाही. आता तसं म्हणता येणार नव्हतं. तिने सगळा हिशेब स्वच्छ डोळ्यांनी पाहिला आणि फोन पिशवीत टाकला. चौदा दिवस राहिले होते.

सभागृह खच्चून भरलं होतं. व्यासपीठावर मुख्याधिकारी बाई, पाहुणे अधिकारी. पहिल्या रांगेत तेच व्यापारी. साहेबांनी नवा सदरा घातला होता. ती बाजूला ट्रे घेऊन उभी होती.

“मंडळी, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग,” साहेबांनी सुरुवात केली. “डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळत नाही. काही लोकांना वाटतं बोटांना कळतं.” ते थोडं थांबले, जुन्या लोकांपैकी दोघे-चौघे हसले. “पण शास्त्राला पुरावा लागतो. दे गं नमुना.”

तिने दिला. त्यांनी पिशवी सपाट केली, चिमट्यात धरली. मागच्या पडद्यावर तबकडी मोठी होऊन दिसत होती. बावन्न. टाळ्या पडल्या.

“साहेब,” ती म्हणाली. ध्वनिक्षेपक जवळच होता, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “एकच पदर मोजून दाखवू?”

“एकच काय?”

तिने ट्रेमधली कात्री घेतली, पिशवी दोन्ही कडांनी आणि तळाशी सरळ कापली आणि दोन पदर दोन हातांत वेगळे धरले. मग एक चिमट्यात घातला. पडद्यावरचा काटा सव्वीसवर थांबला. तिने दुसरा घातला. सव्वीस. तिने आणखी एक पिशवी कापली, आणखी एक. सभागृहात कात्रीशिवाय आवाज नव्हता.

“यंत्र बिघडलंय,” साहेब म्हणाले.

“मग दोन्ही एकत्र मोजूया.” तिने दोन पदर एकावर एक ठेवले. बावन्न.

मुख्याधिकारी बाई पुढे झुकल्या. “निरीक्षक, पिशवीला बाजू किती असतात?”

“दोन, मॅडम. पण आपण पिशवी मोजतो ना?” साहेबांना खरंच कळत नव्हतं. “अर्धी पिशवी कशी मोजायची?”

पाहुण्यांपैकी कुणीतरी फस्सकन हसलं. मग रांगाच्या रांगा हसत गेल्या. व्यापारीही हसले, कारण न हसणारा उठून दिसला असता. दाराशी शिपाई तोंडावर हात ठेवून उभा होता. साहेबांनी चिमट्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या नव्या सदऱ्याकडे. ती त्यांच्याकडे एकटक पाहत राहिली. तिला घाई नव्हती. हे हसू तिने पोट भरेपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते टेबल आवरायला आले. त्यांच्यावर चौकशी बसली होती.

“मला आधी का नाही सांगितलंस? मी लगेच सुधारलं असतं.”

“अप्पांनी तीनदा लिहून कळवलं होतं.”

“तेव्हा मला कळलं नाही गं. देवाशपथ, चुकून झालं सगळं.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली आणि कपाटाची किल्ली मागून घेतली.

आठवड्याभरात बाजारातून बारा टन पिशव्या उचलल्या गेल्या. अप्पांवरचा ठपका मागे घेतल्याचा आदेश निघाला. आईने तो दोनदा वाचला आणि उशीखाली ठेवला. ती दुसरी प्रत घेऊन रुग्णालयात लांबूकाकांकडे गेली. त्यांनी आदेश ऐकला, डोळे पुसले, मग विचारलं, “तुला हे कधी कळलं?”

ती खोटं बोलू शकली असती.

“पहिल्या सोमवारी.”

काकांनी टांगलेल्या पायाकडे पाहिलं. मग काकूंना म्हणाले, “हिला चहा नको मागवूस. ती निघालीय.”

मुख्याधिकारी बाईंनीही तेच विचारलं. तिच्या सत्तावीस सह्यांचे कागद त्यांच्यापुढे होते. वही तिनेच दिली होती, पुरावा म्हणून, आणि वहीची पहिली तारीख रुजू झाल्याचीच होती.

“हे बघ,” बाई हळू आवाजात म्हणाल्या, “तुझ्या वडिलांचं काय झालं ते मला माहीत आहे. खुलाशात एवढंच लिही की सुरुवातीला नीट लक्षात आलं नाही, चुकून सह्या झाल्या. मी ताकीद देऊन सोडेन. नाहीतर नोकरी जाईल. त्या मुकादमाच्या पायाचंही तुझ्यावरच येईल.”

तिने कोरा कागद ओढला. ‘चुकून’ या शब्दाआड आधीच एक माणूस उभा होता. त्याच्या शेजारी ती उभी राहणार नव्हती. तिने लिहिलं की पहिल्या दिवसापासून तिला ठाऊक होतं, की ती सभागृह भरण्याची वाट पाहत होती, आणि मुकादम जखमी झाल्यावरही ती चौदा दिवस गप्प राहिली, जाणूनबुजून. खाली सही केली आणि कागद बाईंच्या पुढ्यात सरकवला.

बाईंनी वाचला. “पश्चात्ताप होतो, असं एक वाक्य तरी घाल.”

“काकांच्या पायाचा होतो,” ती म्हणाली. “तेवढंच घालते.”

तिने कागद परत घेतला आणि तेवढंच घातलं.